पाण्यातली म्हैस

"पण बटणंच नसतील तर माणूस दाबणार काय?" विलासनं विचारलं.

"काच," दिगंबर म्हणाला. "काचेवर नुसतं बोट ठेवायचं. झालं."

"आणि काच फुटली म्हणजे?"

"फुटत नाही."

"तुम्ही बघितलीय का, मामा?"

"अजून कुणीच बघितलेली नाही. यायचीय ना!"

हे सगळं माझ्या पोटावर चाललं होतं. पोटावर म्हणजे अगदी पोटावरच. परदेशातली कुठलीशी कंपनी एक सपाट, बिनबटणांचा, पाटीसारखा कॉम्प्युटर काढणार म्हणून त्या वर्षी फार गवगवा झाला होता. त्याचा आकार केवढा असेल याचा अंदाज बांधून दिगंबरनं खोक्याचा पुठ्ठा चौकोनी कापून आणला होता, आणि तो माझ्या पोटावर ठेवून दोघं त्याच्यावर बोटं फिरवून बघत होते. दिगंबर माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, हौसाचा धाकटा भाऊ, पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत नोकरीला. विलास माझा पुतण्या, आटपाडीत मोबाइलचं दुकान चालवायचा. दोघंही जिवाची माणसं. पण त्या पुठ्ठ्याचा कोपरा माझ्या बरगडीत रुतत होता, आणि तेवढी एक गोष्ट सांगण्याची सोय माझ्याकडे नव्हती.

मी मिरजेच्या दवाखान्यात उताणा पडलो होतो. आधी पायांना मुंग्या आल्या, मग पाय गेले, मग हात, मग गिळायचं गेलं, आणि शेवटी श्वाससुद्धा यंत्राच्या हवाली झाला. नसांचा आजार. डॉक्टर म्हणाले, यातून माणूस उठतो, पण कधी ते आम्ही सांगू शकत नाही. गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती, त्यामुळे आवाज बंद. तोंडाच्या नसाही गेल्यामुळे मला पापणी मिटता येत नव्हती. नर्स डोळ्यांत मलम घालून वरून चिकटपट्टी लावून जायच्या. कान तेवढे शाबूत. विहिरीत पडलेल्या माणसाला काठावरच्या गप्पा ऐकू याव्यात तसं मला सगळं ऐकू येत होतं, आणि काठावरच्यांना वाटत होतं की विहिरीत पाणीच आहे.

त्यात माझा धंदा जिभेचा. मी हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी. सांगोल्यापासून खरसुंडीपर्यंत एक बाजार असा नव्हता, जिथं सिदनाथ मेटकरीनं खिलार बैल विकला नाही. सडपातळ बैल चपळ आहे म्हणून आणि जाडा बैल ताकदीचा आहे म्हणून त्याच गिऱ्हाइकाला विकावा, अशी माझी जीभ. देवानं नेमकी तीच काढून घेतली होती.

"खिशात मावत नाही, टेबलावर उभी राहत नाही," विलास म्हणत होता. "ना धड फोन, ना धड कॉम्प्युटर. मामा, आमचं गिऱ्हाईक हातात घेऊन बघंल आणि परत ठेवंल. लिहून देतो."

"अरे, लोक रांगा लावतील! पुस्तक वाचायला, सिनेमा बघायला, म्हातारीकोतारी माणसंसुद्धा घेतील. आणि दाजींसारख्यांसाठी तर देवच." दिगंबरनं पुठ्ठ्यावर पेनानं चित्रं काढली होती. तांब्या म्हणजे तहान, पालथं माणूस म्हणजे कूस बदला, असं. "या चित्रावर दाजींनी बोट ठेवलं, की पाटी मोठ्यानं बोलणार, 'मला पाणी द्या.' कंपनीतला एक जण तिकडं गेलाय. बाजारात आली की पहिल्याच दिवशी घेऊन येणार आहे."

बोट ठेवलं की! माझी दहाही बोटं चादरीवर मेल्यासारखी पडली होती. त्यातलं कुठलं बोट मी ठेवणार, हे कुणी विचारत नव्हतं. आमच्यात म्हण आहे, पाण्यात म्हैस, बाहेर मोल. म्हैस डुंबतेय डोहात, तिची शिंगं तेवढी दिसतायत, आणि काठावर हे दोघे तिची धार किती आणि दात किती यावर हमरीतुमरीवर आलेले. जन्मभर मी गिऱ्हाइकाला पाण्यातली म्हैस विकायची खटपट केली. आता मीच गिऱ्हाईक झालो होतो.

तेवढ्यात दार वाजलं, आणि पावलांवरून मी ओळखलं की उर्मी आली. ती आत आली, उभी राहिली, आणि काही न विचारता तिनं पोटावरचा पुठ्ठा उचलला.

"मामा, कोपरा लागतोय त्यांना."

"तुला कसं कळलं?"

"नाडी बघा ना यंत्रावर. किती वाढलीय."

ही माझी एकुलती एक मुलगी, उर्मिला. जनावरांची डॉक्टर. लहानपणी माझ्याबरोबर बाजार हिंडली, पुढं शिकली, चांगली डिग्री घेतली. तिचे सगळे पेशंट मुकेच. मी त्यातलाच एक झालो होतो. हौसा माझे हात चोळायची, नवस बोलायची आणि रडायची. दिगंबर मला भविष्य सांगायचा. नर्स, डॉक्टर आपापलं काम नेकीनं करायचे. पण टाचेखाली चादरीची घडी पडलीय, नळीत कफ अडलाय, माझी झोप झालेली नाही, हे फक्त उर्मीला कळायचं. ती खोलीत असली की मी निम्मा माणूस असायचो. ती गेली की सामान.

आणि तिला जायचंच होतं. आजारी पडण्याआधी काही दिवस तिचं नेमणुकीचं पत्र आलं होतं. पार तिकडं, हिमालयाच्या कुशीत, याक नावाच्या केसाळ जनावरांवर अभ्यास करणारं एक सरकारी केंद्र आहे, तिथं. पत्र आलं त्या दिवशी मी तिला विचारलं होतं, "त्याला खोंड म्हणत्यात का रेडा?" आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. अख्ख्या देशातून निवडलेल्या मोजक्या लोकांत माझी पोर होती. एकदा तिनं मुदत वाढवून मागितली, ती मिळाली. आता तीही संपत आली होती.

"मी नाही म्हणून कळवून टाकते," ती त्या दिवशी म्हणाली.

"बाई, घाई करू नकोस," दिगंबर म्हणाला. "पाटी येऊ दे. दाजींनाच विचारू. ते सांगतील तसं कर."

"पाटी कधी येणार?"

"पुढच्या महिन्यात. नक्की."

"आणि मला हजर कधी व्हायचंय?"

तिची तारीख याच महिन्यातली होती. पाटी येईल तेव्हा मी 'जा' म्हणेन, पण तोवर जायची जागाच उरलेली नसेल. एवढा हिशेब त्या हुशार माणसाच्या डोक्यात आला नव्हता, कारण त्याचं सगळं डोकं त्या पाटीत गुंतलं होतं.

उर्मी माझ्याजवळ वाकली. तिनं हळूच डोळ्यांवरच्या पट्ट्या काढल्या. तिचा चेहरा मला धूसर दिसला, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"आबा, मी जाऊ का?"

जा! मी आतून असा ओरडलो की बाजारात ओरडलो असतो तर बैल दावी तोडून पळाले असते. जा पोरी, जा! बाहेर काय झालं? पट्टी निघाल्यामुळं डोळ्यांना वारा लागला, आणि न मिटणाऱ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"रडतायत गं ते," हौसा म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. "नगं जाऊस म्हणत्यात."

उर्मीनं माझे डोळे पुसले, मलम घातलं, पट्ट्या लावल्या. अंधार झाला. त्या अंधारात मी तिला खुर्ची ओढून बसताना ऐकलं. कोंडलेपण काय असतं ते मला तेव्हा कळलं. आपण कोंडलेले असतोच, पण आपल्या दाराला आपलंच माणूस बाहेरून पाठ लावून बसतं, आणि त्याला वाटतं आपण राखण करतोय.

नकाराचं पत्र पाठवायचं तिनं दोन दिवसांवर टाकलं. त्या दोन दिवसांत एक गोष्ट झाली, जी माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. माझ्या डाव्या हाताचा अंगठा परत आला. पूर्ण नाही. मी त्याला हुकूम द्यायचो आणि वाट बघायचो. बऱ्याच वेळानं तो मुंगीएवढा हलायचा. सकाळी डॉक्टर यायचे, हातात बोट देऊन म्हणायचे, "मेटकरी, दाबा बघू." मी जीव एकवटून दाबायचो, पण माझा दाब अंगठ्यापर्यंत पोचेपर्यंत डॉक्टर पुढच्या खोलीत पोचलेले असायचे. त्यांचा दोष नाही; त्यांना अख्खा दवाखाना बघायचा होता.

आणि अशात, दुपारच्या वेळी, बिरू लवटे मला भेटायला आला.

बिरूही हेडीच. एके काळचा माझा जिवलग. पण त्यानं एकदा मला एक बैल विकला, दिसायला देवाच्या पालखीपुढं चालावा असा, आणि नांगराला जुंपला की खाली बसणारा. उठवला की उठायचा, दोन पावलं टाकायचा आणि परत बसायचा, जणू जेवणाच्या पंगतीला आलाय. त्यावरून आमचं जे फाटलं ते एक तप उलटून गेलं तरी शिवलं गेलं नव्हतं. घरात मी सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं की बिरूनं ऊन पडलंय म्हणून सांगितलं, तर छत्री घेऊन बाहेर पडायचं. उर्मी लहानपणी हे वाक्य पाढ्यासारखं म्हणायची.

"कसा हाय आमचा सिदा?" दारातूनच त्यानं विचारलं.

"बघताय न्हवं?" हौसा म्हणाली. बसा म्हणाली नाही. तो आपणहून बसला. विडीचा आणि जनावरांचा वास खोलीत भरला, आणि खरं सांगतो, मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. कित्येक दिवसांत मला दवाखान्याशिवाय कशाचा वास आला नव्हता.

"ह्यो पुठ्ठा कशाचा?"

दिगंबरला तेवढंच हवं होतं. त्यानं पाटीची कथा पहिल्यापासून सांगितली. बिरू हूं हूं करत ऐकत राहिला.

"कुणी हाताळलीय का?"

"नाही अजून. पण काका, तुम्हाला काय वाटतं? खपेल का? आमचा विलास म्हणतो, कोण घेणार."

"खपंल की," बिरू ताबडतोब म्हणाला. "बटनं न्हाईत म्हणताय, नुसता हात फिरवायचा. मग खपंलच. बाजारात बघा, ज्याला घ्यायचा न्हाई त्योबी बैलाच्या पाठीवरनं हात फिरवून जातोय. माणसाला बघण्यापरास हात लावाय आवडतंय. आता बैलं कमी झाली. काचंवरनं फिरवत्याल."

दिगंबर खूश झाला. पुढं कितीतरी जाणकारांनी त्या पाटीवर लिहिलेलं उर्मीनं मला वाचून दाखवलं, पण बिरूइतकं थोडक्यात कुणाला जमलं नाही.

हौसा चहाचं बघायला म्हणून उठली. वैऱ्यालाही चहा चुकवू नये, अशी तिची रीत. दिगंबर फोनवर बोलत बाहेर गेला. उर्मी औषधं आणायला खाली गेली होती. खोलीत आम्ही दोघंच राहिलो, आणि ते यंत्र.

मग खुर्ची पुढं सरकल्याचा आवाज झाला.

"सिदा, त्यो बैल बसका हाय हे मला ठावं हुतं," तो म्हणाला. "आता तू शिव्या देऊ शकत न्हाईस म्हणून सांगतोय. बरा झालास की दे."

मला हसू आलं. ते बाहेर पडलं नाही, पण आलं.

"अन् उघड्यावर काय बोलायचं? आपुन कधी उघड्यावर बोललोय का?" त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्या डाव्या हातावर टाकला. त्याखाली त्याचा हात आला.

ज्यांनी जनावरांचा जुना बाजार बघितला नाही, त्यांना हे सांगायला पाहिजे. आमचा भाव तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा टॉवेलाखाली हातात हात घेतात आणि बोटांनी बोलतात. किती बोटं धरली, कशी धरली, यावर आकडा. अंगठा दाबला की सौदा पक्का. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. तोंडं मात्र हवापाण्याच्या गप्पा मारत असतात. आणि या धंद्यात घाई नसते. मनाजोगा आकडा येईपर्यंत हात तासभरसुद्धा टॉवेलाखाली राहतो.

बिरूनं माझी दोन बोटं धरली. त्या बसक्या बैलाचा भाव! तो परत घ्यायचा म्हणत होता, तोही निम्म्या भावानं. मी मरणाच्या दारात असतानासुद्धा हा माणूस मला फसवायला बघत होता. मला असा राग आला की मी अंगठ्याला हुकूम दिला आणि वाट बघत बसलो. बिरूही बसून राहिला. त्याला काही कळलं होतं म्हणून नव्हे. टॉवेलाखाली हात गेला की बसायचं, ही त्याची जन्माची सवय.

अंगठा हलला.

बिरूनं बोटं बदलली. मी पुन्हा हुकूम दिला. पुन्हा हलला.

"आरं तिच्या मारी!" तो ओरडला. "हौसावैनी! ह्यो बोलतोय!"

सगळे धावत आले. आणि पुढं जे झालं ते आठवलं की अजून माझा जीव घुसमटतो. कुणीही विश्वास ठेवला नाही.

"काका, असं होतं," दिगंबर समजुतीनं म्हणाला. "स्नायू आपोआप उडतात कधीकधी."

"त्यो बैलबी नांगर वढतोय म्हणून सांगितलं हुतं तुमी," हौसा म्हणाली. "माज्या घरात दुखणं हाय. चेष्टा करू नगा."

बिरू शपथा घ्यायला लागला, आणि शपथा घेणारा बिरू म्हणजे खोटं बोलणारा बिरू, हे मीच त्यांना शिकवलं होतं. माझा निरोप घेऊन जगात एकच माणूस उभा होता, आणि त्याची पत मी स्वतःच्या हातानं धुळीला मिळवली होती. आत मी डोकं आपटत होतो. अरे, ऐका त्याचं! आज तो खरं बोलतोय!

"मला बघू द्या," उर्मी म्हणाली.

"घाल हात," बिरू म्हणाला.

बाईमाणसानं टॉवेलाखाली हात घातलेला आमच्या मुलखात कुणी बघितला नव्हता. उर्मी वाकली. तिचा हात आत आला. औषधाच्या वासाचा, गार.

"आता काय विचारायचं ते इचार. हो असंल तर अंगठा दाबंल. न्हाई तर गप पडंल. अन् घाई करू नगंस. ह्यो धीराचा सौदा हाय."

तिनं माझा अंगठा चाचपला. मग म्हणाली, "आबा, मी जाऊ?"

इतके दिवस मी याच क्षणासाठी तळमळत होतो. आणि आता तो आल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी काहीच केलं नाही तरी चालणार आहे. अंगठा गप पडला, तर उद्या ती पत्र पाठवेल आणि खुर्ची ओढून इथंच बसेल. टाचेखालची घडी काढेल. बिरू खोटारडा ठरेल, तो काय ठरलेलाच आहे. कुणालाही, कधीही कळणार नाही. टॉवेल असतोच त्यासाठी. इतके दिवस शरीरानं मला कोंडलं होतं. त्या घडीला दार किलकिलं झालं होतं आणि मीच उंबऱ्यावर बसून राहिलो होतो. तिचा हात माझ्या हातात होता. तो गेल्यावर मी पुन्हा सामान होणार होतो, आणि मला त्याची भीती वाटत होती. फार भीती वाटत होती.

"बघ, काही नाही," दिगंबर हळूच म्हणाला.

"थांबा, मामा."

ती थांबली. जनावरापाशी थांबावं तशी, न हलता, न बोलता. तिच्या त्या थांबण्यानंच मला लाज आणली. मी अंगठ्याला हुकूम दिला.

"आई," उर्मी म्हणाली. "आबांनी दाबला. आई, आबा जा म्हणतायत."

हौसा देवाचं नाव घ्यायला लागली. दिगंबरनं नाक शिंकरलं. मी दाबतच राहिलो, सौदा पक्का, पक्का, पक्का. आणि मग उर्मी हात काढायला लागली, तर तो निघेना.

"काका," ती म्हणाली. "आबांनी करंगळीनं माझी करंगळी धरून ठेवलीय. आतापर्यंत त्यांची करंगळी हलत नव्हती. याचा काय अर्थ?"

करंगळी परत आल्याचं मलाही तेव्हाच कळलं. अर्थ मला माहीत होता. बिरूलाही माहीत होता.

"काय न्हाई," बिरू म्हणाला. "बोट आखडलंय. सोडवून घे."

तिनं हलक्या हातानं करंगळी सोडवून घेतली.

त्याच संध्याकाळी मिरजेहून तिची गाडी होती, दिगंबरनं धावपळ करून तिकीट काढलं होतं. पण ती गेली दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडी चुकली असेल, असं मी धरून चाललो. त्या संध्याकाळी खोलीत पुरणपोळीचा वास आला. हौसानं कुणाच्या तरी घरी जाऊन पोळ्या करून आणल्या होत्या, लेक लांब निघाली म्हणून असतील. उर्मी माझ्या खाटेशी बसून जेवली. सकाळी निघताना तिच्या कपाळाला हौसानं कुंकू लावलं, आणि माझ्या डोळ्यांवरच्या पट्ट्या काढून म्हणाली, "बघून घ्या." मी बघून घेतलं. या वेळी पाणी वाहिलं ते वाऱ्यानं नव्हतं.

पाटी आली, सांगितल्यापेक्षा बरीच उशिरा. तोवर घोटभर पाणी गिळता येत होतं, माझी मान वळायला लागली होती आणि उजवा हातही थोडा उठत होता. खोलीत जत्रा भरली. दिगंबरनं ती नव्या नवरीसारखी मखमली पिशवीतून काढली आणि माझ्या पोटावर ठेवली. कोपरा बरगडीत रुतला. मी काचेवर बोट नेलं, आणि टेकायच्या आतच ती मोठ्यानं बोलली, 'मला पाणी द्या.' इतकी उतावीळ वस्तू मी जन्मात बघितली नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यावर तहानेचं चित्र होतं, दुखण्याचं होतं, कूस बदलायचं होतं. उर्मी पोचली का, तिथं थंडी किती, जेवती का नीट, याचं चित्र नव्हतं. मी निमूटपणे पाणी प्यालो.

मग मी बरा झालो. वर्ष गेलं, पण चालायला लागलो, आणि पहिल्यांदा आवाज फुटला तेव्हा बिरूला बोलावून ठरल्याप्रमाणे शिव्या दिल्या. त्यानं त्या मान डोलावून घेतल्या. करंगळीचा विषय ना त्यानं काढला, ना मी. ज्याचं त्याला माहीत होतं, तर बोलायचं कशाला?

गेल्या महिन्यात बिरू गेला. ते कळलं तसा उर्मीचा फोन आला. आता तसल्या पाट्या घरोघर झाल्यात. आमच्याकडं तिसरी आहे, आणि तीत उर्मी चालती-बोलती दिसते. म्हैस पाण्याबाहेर आली आणि निघाली चांगली, हे मी कबूल करतो. उर्मीच्या मागं डोंगर होता, त्यावर काळे केसाळ याक चरत होते. मी एकाकडं बोट दाखवून म्हणालो, "तो डावीकडला बसका दिसतोय." ती हसली.

"आबा, बिरूकाका त्या दिवशी खोटं बोलले होते ना?"

"कशाबद्दल?"

"करंगळीबद्दल."

शेजारी हौसा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"ते म्हणाले, बोट आखडलंय," उर्मी म्हणाली. "पण तुम्हीच शिकवलेलं ना, काका ऊन म्हणाले की छत्री घ्यायची? म्हणून बाहेर गेल्यावर मी आईला विचारलं."

बाजारात सौदा पटतो, अंगठा दाबून होतो. पण कधीकधी जनावर असं असतं की विकणाऱ्याचा हात सुटत नाही. मग तो घेणाऱ्याची करंगळी धरून ठेवतो. म्हणजे, जनावर तुझं झालं, माझं आता काही म्हणणं नाही. पण आजची रात्र माझ्या दावणीला राहू दे. सकाळी ने. असा सौदा करून मी घरी आलो की हौसा काही न विचारता पुरण शिजत घालायची. रात्री त्या बैलाला पोळी चारायची, सकाळी त्याच्या कपाळाला कुंकू लावायची आणि मग दावं सोडायची.

बिरूनं ते उर्मीला सांगितलं नाही, कारण त्याला भीती होती. एक रात्र म्हणता म्हणता माणसं जन्मभर ठेवून घेतात, हे त्यानं पुष्कळ बघितलं होतं. त्याच्या आयुष्यातलं ते एकच खोटं, ज्यात त्याला चार पैसे सुटणार नव्हते.

"म्हणजे तुझी गाडी चुकली नव्हती?" मी विचारलं.

"तिकीट पर्समध्येच होतं, आबा. मी स्टेशनवर गेलेच नाही."

मला पुढं बोलता येईना. जीभ होती, आवाज होता, गळ्याची नळी जाऊन किती वर्षं झाली होती, तरी येईना. इतकी वर्षं मी समजत होतो की माझं ते मागणं टॉवेलाखालीच राहिलं.

हौसानं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि मान वर न करता म्हणाली, "मग पोळ्या कशाला केल्या हुत्या मी?"